रीबूटनंतरची शांतता : न उठणाऱ्या सर्व्हिसची पार्श्वभूमी

सर्व्हर रीबूट होऊन वर येतो, लॉगिन करता येते, डिस्क आणि नेटवर्क जागेवर असतात. मात्र एखादी सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम, चालू नसते, आणि ती का चालू नाही हे सांगणारी एक ओळही कुठे दिसत नाही. अशा वेळी संशय साहजिकच त्या प्रोग्रामवर जातो. परंतु ही शांतता बहुतेक वेळा त्या प्रोग्रामच्या पदरची नसते. पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामने कोणाला त्रास न देता काम करावे, या जुन्या अपेक्षेतून ती आलेली आहे.

अशा प्रोग्रामला 'डीमन' हे नाव १९६३ च्या सुमारास एमआयटीमधील प्रोजेक्ट मॅकमध्ये पडले, आणि ते भौतिकशास्त्रातील मॅक्सवेलच्या काल्पनिक 'डीमन'वरून घेतलेले होते. पुढे युनिक्सवर डीमन लिहिण्याची एक ठरावीक रीत रुळली : प्रोग्रामने दोनदा फोर्क करायचे (स्वतःचीच एक प्रत चालू करायची), टर्मिनलशी नाते तोडायचे, आणि आपले इनपुट, आउटपुट व एररचे प्रवाह 'डेव्ह-नल'कडे, म्हणजे लिहिलेले सारे गिळून टाकणाऱ्या फाइलकडे, वळवायचे. मूळ प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) लगेच शून्य हा कोड देऊन संपत असल्यामुळे सुरू करणाऱ्याला 'काम झाले' असेच कळत असे; त्यानंतर कॉन्फिगरेशन फाइल वाचताना मागे राहिलेली प्रोसेस कोसळली, तर ते ऐकायला कोणी उरलेले नसे. त्या काळी हे शिष्टाचाराचे लक्षण मानले जाई. १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रामसोबत आणलेल्या सिसलॉग या नोंदी ठेवणाऱ्या व्यवस्थेने बोलायला एक जागा दिली खरी, पण तेथे बोलायचे की नाही हे प्रोग्राम लिहिणाऱ्यावरच राहिले.

१९८३ च्या सिस्टिम फाइव्ह युनिक्सच्या पद्धतीत रनलेव्हल (मशीनच्या चालू अवस्था) आणि सर्व्हिस सुरू करणाऱ्या, क्रमांक लावलेल्या आरसी स्क्रिप्ट होत्या. 'एस'ने सुरू होणाऱ्या, त्या स्क्रिप्टकडे नेणाऱ्या लिंक क्रमांकानुसार एकामागून एक चालत, आणि एखादी स्क्रिप्ट फसली तरी सहसा पुढची सुरू होई. क्रमांकामुळे क्रम ठरत असे. आधीची सर्व्हिस खरोखर तयार झाली आहे का, हे मात्र त्यातून ठरत नसे. सर्व्हिस हाताने सुरू करणे आणि ती बूटच्या वेळी सुरू व्हावी म्हणून लिंक ठेवणे या दोन वेगळ्या कृती आहेत, हा भेदही याच पद्धतीत रुजला. आजही रीबूटनंतर न उठणाऱ्या सर्व्हिसमागे हेच साधे कारण वारंवार निघते : कोणीतरी ती सहा महिन्यांपूर्वी 'स्टार्ट' केलेली असते, 'एनेबल' करायचे राहून गेलेले असते.

पुढे सर्व्हिस सुरू करून सांभाळणाऱ्या नव्या व्यवस्था आल्या : २००५ मध्ये सोलारिस १० मधील एसएमएफ आणि मॅक ओएस टेनमधील लाँचडी, तर २००६ मध्ये उबुंटूमधील अपस्टार्ट आले. २०१० मध्ये लेनार्ट पोएटरिंग यांनी लिनक्ससाठी अशीच व्यवस्था, सिस्टिमडी, जाहीर केली, आणि २०१५ पर्यंत फेडोरा, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स, डेबियन व उबुंटू या लिनक्सच्या सर्व वितरणांनी ती स्वीकारली होती.

सिस्टिमडीने डीमनला फोर्क करण्याच्या कसरतीतून मोकळे केले आणि त्याचे आउटपुट थेट जर्नल या आपल्या नोंदवहीत नेले. पण जुन्या शांततेच्या काही जागा नव्या रूपात उरल्या. 'सिंपल' प्रकारच्या सर्व्हिसमध्ये प्रोसेस फोर्क होताच ती सुरू झाली असे धरले जाते. सर्व्हिसच्या मांडणीतील 'आफ्टर' हा शब्द केवळ क्रम सांगतो, गरज सांगत नाही. आणि बूटमधील 'नेटवर्क डॉट टार्गेट' हा टप्पा गाठला म्हणजे मशीनला नेटवर्कचा पत्ता मिळाला असे नव्हे, त्यासाठी 'नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट' वेगळे आहे. पुन्हा सुरू करण्याची सोय चालू केली तरी दोन प्रयत्नांमधील मूळ अंतर १०० मिलिसेकंद, आणि मर्यादा १० सेकंदांत ५ प्रयत्नांची. तत्काळ कोसळणाऱ्या प्रोसेसचे पाचही प्रयत्न एखाद्या सेकंदात संपतात आणि नेटवर्क येईपर्यंत सिस्टिमडीने तिचा नाद सोडलेला असतो. दहा मिनिटांनी आपण तीच सर्व्हिस हाताने सुरू करतो, ती निमूटपणे चालते, आणि गोंधळ वाढतो.

म्हणून स्थिती पाहताना 'फेल्ड' आणि 'इनॅक्टिव्ह' यांतील फरक मोलाचा ठरतो. पहिल्याचा अर्थ प्रयत्न झाला आणि फसला. दुसऱ्यात अनेकदा कोणी हाक मारलेलीच नसते, किंवा जिच्यावर ती अवलंबून होती तीच सर्व्हिस पडलेली असते. 'रन' ही डिरेक्टरी आता मेमरीत राहत असल्याने तेथे हाताने बनवलेले सॉकेटचे (प्रोग्राम एकमेकांशी बोलतात त्या फाइलचे) फोल्डर रीबूटमध्ये नाहीसे होते, हे तिसरे नेहमीचे कारण.

जर्नलच्या बाबतीत सर्वांत मोठी फसगत होते. 'ऑटो' या मांडणीत 'व्हार-लॉग' खाली 'जर्नल' नावाची डिरेक्टरी असेल तरच नोंदी डिस्कवर जातात, अन्यथा त्या मेमरीत राहतात. कारण सापडेना म्हणून वैतागून मशीन पुन्हा एकदा रीबूट केले, की ज्या बूटमध्ये सर्व्हिस पडली त्याच बूटच्या नोंदी त्यासोबत पुसल्या जातात.