माकुलाला नारंगी दिसत नाही

माकूल (म्हणजे स्क्विड, गोव्यात माणकी) गरवायला, म्हणजे गळाने पकडायला, निघालेला माणूस दुकानात रंगांपाशी हमखास अडकतो. समोर एगींची रांग असते. एगी म्हणजे कोळंबीच्या आकाराचं, कापड गुंडाळलेलं जपानी आमिष. नाकाखाली शिशाचं वजन आणि शेपटीला बिनदाती आकड्यांची दोन थरांची झालर. जपानच्या दक्षिणेला, कागोशिमाच्या बाजूला हे पूर्वी लाकूड कोरून करत आणि नावाचा अर्थही ‘आमिष-लाकूड’ असाच आहे. आज एकेका आकारात तीस-चाळीस रंग मिळतात. त्यांतले निम्मे माकुलासाठी नसून गिऱ्हाइकासाठी असतात.

बहुतेक माकुलांच्या डोळ्यात प्रकाश टिपणारं रंगद्रव्य एकच असतं. ते साधारण ४९० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतं. रंग ओळखायला किमान दोन रंगद्रव्यांची तुलना लागते, आणि ती सोय इथे नाही. जपानच्या तोयामा उपसागरातलं चमकणारं ‘होतारू-इका’ हे माकूल अपवाद, त्याच्याकडे तीन रंगद्रव्यं आहेत. डोळ्याच्या भिंगातून वेगवेगळे रंग वेगवेगळ्या अंतरावर केंद्रित होतात आणि त्यावरून या प्राण्यांना रंग कळत असावेत, अशी कल्पना २०१६ साली मांडली गेली, पण तिच्यावर एकमत नाही. गरवणाऱ्याने ‘माकूल रंगांधळं आहे’ असंच धरून चालावं.

मग रंगाला अर्थच नाही का? आहे, पण रंग म्हणून नाही, उजेड-अंधार म्हणून. नारंगी कापड निळसर-हिरवा प्रकाश जवळजवळ सगळा गिळतं, त्यामुळे माकुलाला ते काळपट दिसतं. फिकट गुलाबीत पांढऱ्याचा अंश असतो, म्हणून तो मधला करडा. ऑलिव्ह आणि तपकिरी गडद करडे, निळा नि पांढरा उजळ. आपल्याला शेजारी-शेजारी वाटणारे नारंगी आणि फिकट गुलाबी त्याच्या दृष्टीने चांगलेच लांब असतात, तर नारंगी आणि तपकिरी जवळपास सारखे. हे घरी तपासता येतं. कॅमेऱ्यापुढे निळसर-हिरवा जिलेटीन कागद धरून सगळ्या एगींचा सावलीत एकच फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. नुसता कृष्णधवल फोटो फसवतो, कारण फोन लाल रंगालाही माकुलापेक्षा कितीतरी जास्त वजन देतो. फोटोत डब्यातल्या दहा एगी तीनच छटांच्या निघाल्या, तर पुढची खरेदी कोणती करायची ते कळलं.

नारंगीचा बोलबाला का, याचं उत्तर बरंचसं आपल्या डोळ्यात आहे. संध्याकाळी पाण्यात एगी कुठे आहे हे माणसाला नारंगीत दिसतं. शिवाय माकूल पुष्कळदा खालून वर पाहतं, आणि उजळ पृष्ठभागापुढे काळपट आकृती ठसठशीत उठते. त्यामुळे नारंगी चालतो, पण भलत्याच कारणाने.

कापडाखालच्या चमकत्या पट्टीला खरं तर जास्त महत्त्व द्यायला हवं. चंदेरी पट्टी येईल तो प्रकाश परतवते, म्हणून स्वच्छ निळ्या पाण्यात, दिवसा, ती चांगली. सोनेरी पट्टी निळा भाग गिळते आणि हिरवा-पिवळा परतवते. गढूळ किनारी पाण्यात निळा प्रकाश विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांत आधीच जिरलेला असतो आणि हिरवाच खोलवर पोचतो, त्यामुळे तिथे सोनेरी सरस. लाल पट्टी म्हणजे माकुलासाठी काळी पट्टी. चांदण्यात किंवा गच्च गढुळात ती नुसती आकृती दाखवायला वापरायची. लाल प्रकाश स्वच्छ पाण्यातही पहिल्या काही मीटरांतच बराचसा संपतो. दहा मीटर खोल ‘भडक लाल’ असं काही उरत नाही.

जपानी पाकिटांवरचा ‘केइमुरा’ हा लेप अतिनील किरण शोषून निळसर-जांभळा उजेड देतो. ढगाळ दिवशी, पहाटे, स्वच्छ पाण्यात तो कामाचा. रात्री जेट्टीच्या एलईडी दिव्याखाली मात्र त्याचे जास्तीचे पैसे फुकट, कारण पांढऱ्या एलईडीत अतिनील किरण जवळपास नसतात. रात्री अंधारात चमकणारी एगी हवी. तिचा उजेड ५२० नॅनोमीटरच्या आसपास, माकुलाच्या आवडत्या पट्ट्यालगत असतो. अतिनील टॉर्चने दहा-वीस सेकंद भारली की पुरे. फार भारली तर उथळ पाण्यात अंगावर येईल इतकी झगझगते, आणि माकूल मागे येऊन परत जातं.

माकुलाला ध्रुवित प्रकाशही (ज्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात तो) ओळखता येतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पारदर्शक प्लवकांवर माकुलांनी ध्रुवित प्रकाशात जास्त अंतरावरून झडप घातली. आपल्याला काचेसारखी दिसणारी कोळंबी त्याला उठून दिसू शकते. म्हणून अंगभर भडकपणा हवाच असं नाही.

आता रंगाआधीची गोष्ट. एगी तळापर्यंत पोचली नसेल तर छटा कुठलीही असो, उपयोग नाही. एगीचा नंबर ‘सुन’ या जुन्या जपानी मापावर चालतो, आणि एक सुन साधारण ३ सेंटिमीटर. म्हणजे ३ नंबर ९ सेंटिमीटर, सुमारे १५ ग्रॅम. साडेतीन नंबर साडेदहा सेंटिमीटर, सुमारे २० ग्रॅम. नेहमीची साडेतीन नंबरची एगी एक मीटर बुडायला तीन ते साडेतीन सेकंद घेते. सहा मीटर पाण्यात वीस सेकंद मोजा. दोरी ढिली पडली की तळ लागला. मग काठीला वर दोन-तीन झटके, आणि पुन्हा पडू द्या, या वेळी दोरी किंचित ताणून. माकूल बहुतेक वेळा पडत्या आमिषालाच धरतं: आधी टक लावून बघतं, मग अंतर जुळवतं, आणि दोन लांब शुंडकं सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत फेकतं. अंतर जुळवायला आमिष संथ, एका चालीने पडावं लागतं. सतत झटके देणारा त्याला ती सवडच देत नाही.

पाण्याला ओढ जास्त असेल तर एगी तळ गाठत नाही. नाकाच्या शिशाला १ ते ३ ग्रॅमची शिशाची पट्टी गुंडाळा. एगी नाक खाली, साधारण ४५ अंशांत तिरकी पडायला हवी. गोल फिरत किंवा आडवी पडत असेल तर शिसं वाकलेलं असतं किंवा आकड्यांत शेवाळ असतं. पाठलाग होतो पण धरत नाही, तेव्हा आधी साडेतीनवरून तीनवर या, मग संथ बुडणारी घ्या, मग छटा बदला. तिन्ही एकदम बदलल्या तर कशाने काम केलं ते कधीच कळत नाही.

खऱ्या मासळीचं आमिष वेगळ्या नियमाने चालतं. माकुलाची अन्ननलिका मेंदूच्या मधून जाते, म्हणून ते मोठा घास गिळत नाही, चोचीने लहान लचके तोडतं. मानेमागून सुरुवात करतं. कापडी एगी ते काही क्षणांत सोडू शकतं, तारली मात्र मिनिटं-मिनिटं धरून बसतं. त्यामुळे एगीवर भार जाणवताच उचलायचं, मासळीवर थांबायचं. १२ ते १५ सेंटिमीटरची ताजी, खवलं शाबूत असलेली तारली किंवा छोटा बोय घ्या. पोलादी सुईवर लांबीने ओवून बारीक तारेने तीन-चार वेढे द्या, आकड्यांची झालर शेपटीमागे एक-दोन सेंटिमीटर ठेवा. तारली लवकर फाटते, रात्रभर मिठात ठेवली तर घट्ट होते. बोंबील सुईवर टिकतच नाही. फ्लोटखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या बोंड्याखाली) लावत असाल तर आमिष शेवाळाच्या वर मीटर-दीड मीटर राहील अशी खोली धरा.

माकूल लागल्यावर रीळचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना होणारा अटकाव, ढिला हवा. आकड्यांना उलटा दात नसतो, दोरी ढिली पडली की ते निसटतं, आणि ड्रॅग आवळलेला असला तर शुंडक तुटून एकटंच वर येतं.

जेट्टीवर दिवा असेल तर उजेडाच्या मधोमध फेकू नका. माकूल उजेड-सावलीच्या सीमेवर, सावलीच्या बाजूला दबा धरतं. (समुद्रात बोटीवरून एलईडीच्या झोतात मासेमारी करायला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ पासून बंदी घातली आहे, तो वेगळा विषय.)

आणि शाई. पकडलेल्या माकुलाची शाई कापडात मुरते. शाईत डोपामीन आणि एल-डोपा असतात, आणि माकुलांच्या घ्राणेंद्रियावर त्यांचा मारा केल्यावर ती पळ काढतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. लागोपाठ दोन मिळाली आणि मग अर्धा तास शुकशुकाट, तर रंग बदलायच्या आधी एगी बादलीत खळबळून ब्रशने घासा.