हाताला काय लागतं, ते आधी सांगा
(कामाआधी लावायच्या क्रीमबद्दल ग्राहकांसाठी माहिती)

कामाआधी लावायचं क्रीम दोन जातींचं येतं आणि दोन्ही जाती एकमेकींच्या उलट वागतात. म्हणून नुसतं "हाताचं क्रीम द्या" म्हटलं की आम्ही विचारतो, हाताला लागतं काय?

ग्रीस, इंजिन ऑईल, ऑईलपेंट, काजळी लागत असेल तर पाण्यात विरघळणारं क्रीम घ्या. वाळल्यावर त्याचा कातडीवर पातळ पापुद्रा धरतो. ग्रीस त्या पापुद्र्यावर बसतं, कातडीच्या रेघांत शिरत नाही, आणि संध्याकाळी साबणपाण्यात पापुद्र्यासकट निघून येतं. ट्यूबवर ग्लिसरीन, केओलिन अशी नावं दिसतील.

हात सतत ओले राहत असतील, म्हणजे धुणं, साबण, फिकट रंगाचं पाणी, तर पाण्याला दाद न देणारं क्रीम लागतं. त्यात पेट्रोलियम जेली, मेण, लॅनोलिन किंवा डायमेथिकोन असतं. डायमेथिकोन म्हणजे सिलिकॉन. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गफलत होते ती लेथवरच्या कुलंटपाशी, म्हणजे लोखंड कापताना थंड ठेवायला सोडतात त्या पाण्यापाशी. नाव 'सोल्युबल ऑईल', म्हणून लोक तेलाच्या कामाचं क्रीम नेतात. पण त्या दुधाळ पाण्यात तेल थोडं आणि पाणीच जास्त. चुकीचं क्रीम बघता बघता वाहून जातं आणि मग "क्रीम बोगस आहे" अशी तक्रार येते. कुलंटला ओल्या कामाचंच क्रीम.

लेबल पुसलं असेल तर जात ओळखायची सोपी रीत आहे. वाटाण्याएवढं क्रीम मनगटावर चोळा, पाच मिनिटं वाळू द्या, वर पाण्याचा थेंब टाका. थेंब गोल राहून घरंगळला तर ते ओल्या कामाचं. थेंबाखाली बुळबुळीत, पांढरट झालं तर ते तेलकट कामाचं.

लावायचं कसं

हात धुतलेले आणि पूर्ण कोरडे हवेत. ग्रीसच्या हातावर क्रीम चोळलं तर ग्रीसच आत कोंडलं जातं. दोन्ही हातांना मिळून अर्धा चमचा, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास. तळव्यापेक्षा बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा आणि मनगट इथे लक्ष द्या, खाज सुरू होते ती तिथून. मग तीन ते पाच मिनिटं थांबा. लगेच पाना उचलला तर निम्मं क्रीम पान्याला लागतं. ग्रीसच्या कामाआधी ओल्या साबणाच्या वडीवर नखं ओरबाडून घ्या. नखांत साबण भरला की काळं आत जायला जागाच राहत नाही. ही जुनी युक्ती कुठल्याही महागड्या ट्यूबपेक्षा सरस आहे.

जेवणाआधी हात धुतले की क्रीम गेलं, पुन्हा लावावं लागतं. दिवसातून दोनदा लावलं तर १०० ग्रॅमची ट्यूब वीस दिवस पुरते. तुमची दोन महिने पुरत असेल तर तुम्ही फार कमी लावताय.

कोणत्या कामाला काय

यंत्रमाग दुरुस्त करणारे जॉबर तेलात हात घालतात आणि त्याच हातांनी मागावरच्या टॉवेलला हात लावतात. त्यांनी जेलीचं किंवा सिलिकॉनचं क्रीम वापरू नये. जेलीचा डाग पडतो. सिलिकॉन तर दिसतही नाही; माल रंगवायला गेला की तेवढ्या जागी रंग धरत नाही आणि फिकट ठिपका उमटतो. गाड्यांना स्प्रे पेंट मारणाऱ्यांचंही तेच. पत्र्याला सिलिकॉनचं बोट लागलं की रंग तिथून बाजूला सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखा खड्डा पडतो. या दोघांनी पाण्यात विरघळणारं, सिलिकॉन नसलेलंच घ्यावं.

रंगखात्यात कॉस्टिक सोडा, हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) किंवा कोरडी रंगाची पावडर हाताळताना क्रीमवर विसंबू नका. ॲसिड, थिनर आणि ओलं सिमेंट यांनाही कोणतंच क्रीम अडवत नाही. तिथे कोपरापर्यंतचे, त्या रसायनाला टिकणारे हातमोजेच हवेत. लॅटेक्सच्या मोज्याखाली जेली लावू नका, लॅटेक्स फुगून फाटतं. नायट्राईलच्या (कृत्रिम रबराच्या) मोज्याला ती अडचण येत नाही. उलट फिरत्या ड्रिलवर आणि लेथवर मोजा घालायचाच नाही, गुंतला की बोट जातं. क्रीमची खरी गरज तिथे आहे.

विडी वळणाऱ्यांना आम्ही कामाआधीचं क्रीम देत नाही. ते पानाला आणि पुढे ओढणाऱ्याच्या तोंडाला लागतं. काम संपल्यावर हात स्वच्छ धुऊन रात्री साधं मॉइश्चरायझर लावा.

हात धुताना

डिझेल, रॉकेल, थिनर यांनी ग्रीस झटकन निघतं, पण कातडीचं स्वतःचं तेलही त्याबरोबर जातं आणि आठवड्याभरात भेगा पडतात. कपड्याची पावडरही तशीच कडक. रंगाचे हात ब्लीचने उजळवणं तर त्याहून वाईट. ग्रीससाठी अर्धा चमचा गोडंतेल किंवा खोबरेल एक मिनिट चोळा, कॉटन वेस्टने पुसा आणि मग साबण लावा. हट्टी काळ्यासाठी तेलात चमचाभर साखर, मात्र भेगा नसतील तरच. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून तो जास्त चोळला जातो आणि चिकट थर बेचक्यांत राहतो. शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या आणि हात टिपून कोरडे करा.

आधीच भेगा असतील तर रात्री ग्लिसरीनचं किंवा १० टक्के युरियाचं क्रीम लावा. युरिया उघड्या भेगेत झोंबतं, म्हणून आधी दोन दिवस नुसती जेली. पुरळ, पाणी भरलेले फोड किंवा पू दिसला तर क्रीम बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. जाताना कामातल्या रसायनाचं लेबल आणि ट्यूब दोन्ही बरोबर न्या. वासामुळे किंवा लॅनोलिनमुळेही काहींना खाज येते. म्हणून नवी ट्यूब आधी दोन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा.

आणि सोलापूरचा उन्हाळा आहे, ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. ४० अंशांच्या पुढे क्रीम फुटू शकतं, म्हणजे तेल वर आणि पाणी खाली होतं. फुटलेलं क्रीम ढवळलं तरी सारखा थर बसत नाही, ते टाकून द्या.