धातूचे नॅनोकण आणि त्यांवरचा लेप : मागणी नोंदवण्यापूर्वी वाचा

आमच्या नॅनोकणांच्या बाटलीवर 'सोने' या शब्दापुढे कणांवरच्या लेपाचे नाव छापलेले असते : ग्लुटाथायोन (गंधक असलेला एक छोटा रेणू), प्रथिन किंवा सिलिका. मागणी नोंदवताना हा दुसरा शब्द सहसा नजरेतून सुटतो. आमची कळकळीची विनंती आहे, आधी तोच वाचा, कारण कण किती उजळतो हे लेपावरही ठरते.

सोन्याचा तुकडा शोषलेल्या सुमारे 1000 कोटी फोटॉनांमागे (प्रकाशकणांमागे) जेमतेम एक परत देतो. कण 2 नॅनोमीटरच्या खाली गेला की मात्र इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या सुट्या होतात आणि कण डोळ्यांना दिसेल इतका उजळू शकतो. एवढ्या लहान कणाला 'आत' असे फारसे उरतच नाही. थायॉलच्या (टोकाला गंधक असलेल्या रेणूंच्या) लेपातील 25 अणूंचा प्रसिद्ध क्लस्टर, म्हणजे अणूंचा पुंजका, घ्या : 13 अणू गाभ्यात असतात आणि उरलेले 12 बाहेर गंधकाशी बांधलेले. म्हणजे जवळजवळ निम्मे सोने लेपाचाच भाग झालेले असते!

गंधक आपले इलेक्ट्रॉन धातूकडे सरकवतो. लेपाचा रेणू जितका इलेक्ट्रॉन देणारा, तितकी दीप्ती वाढते. दुसरी गोष्ट लेपाच्या ताठरपणाची, आणि आमच्या मते तीच जास्त मोलाची आहे. सैल लेप थरथरतो आणि शोषलेली ऊर्जा उष्णतेत वाया जाते. 22 अणूंच्या ग्लुटाथायोन क्लस्टरभोवती अवजड धन आयन बसवून तो लेप घट्ट केला, तेव्हा क्वांटम यील्ड (शोषलेल्या फोटॉनांपैकी परत मिळणाऱ्यांचे प्रमाण) 60 टक्क्यांवर गेल्याचे 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. अल्ब्युमिन प्रथिनातील कण लाल प्रकाश देतात, यील्ड सुमारे 6 टक्के. आकडा लहान असला तरी पाऱ्याचे आयन येताच ही दीप्ती मंदावते, त्यामुळे पाणी तपासण्यासाठी आम्ही हेच कण सुचवतो.

20 नॅनोमीटरच्या कणांचे गणित वेगळे आहे. ते स्वतः उजळत नाहीत, उलट अगदी जवळच्या रंगद्रव्याचा प्रकाश गिळतात. मध्ये सिलिकाचा थर ठेवून ते अंतर राखावे लागते.

वापरताना मर्केप्टोइथेनॉल किंवा डीटीटी (डायथायोथ्रेटॉल) असलेल्या बफरपासून, म्हणजे आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणापासून, कण दूर ठेवा. हे थायॉल मूळ लेपाला हटवून स्वतः त्या जागी बसतात, आणि मग बाटलीत आम्ही पाठवलेला पदार्थ राहत नाही. सायनाइड तर सोनेच विरघळवते. तुमचा बफर कोणता, एवढे मागणीसोबत कळवा. लेप त्यानुसार निवडून देऊ.