कॅमेरा कुणाच्या जागेवरून बघतोय?

सिनेमाबद्दल काहीही वाचायला घ्या, कॅमेरा खाली लावला की माणूस भारी दिसतो आणि वरून लावला की बिचारा दिसतो हे पहिल्या पानावरच असतं. खोटं नाहीये ते, पण मला वाटतं त्याआधी बघायचं ते हे की कॅमेरा कुणाकडे बघतोय आणि कुणाच्या जागेवरून बघतोय.

१९७३ साली मायकल स्टॉर्म्स या मानसशास्त्रज्ञाने एक मस्त प्रयोग केला. दोन अनोळखी माणसांना समोरासमोर बसवून गप्पा मारायला लावल्या, त्यांना बघणारे वेगळे बसवले आणि सगळं व्हिडिओवर घेतलं. नंतर काहींना उलट बाजूचं रेकॉर्डिंग दाखवलं, म्हणजे बोलणाऱ्याला स्वतःचाच चेहरा आणि त्याला बघत बसलेल्याला आता त्याच्या समोरचा माणूस. मग विचारलं, तो बोलणारा असा का वागला? ज्यांच्या नजरेसमोर त्याचा चेहरा होता त्यांनी त्याच्या स्वभावावर जास्त ढकललं, ज्यांना त्याच्या जागेवरून समोरचं दिसलं त्यांनी परिस्थितीला जास्त धरलं. घटना तीच, फक्त कॅमेरा फिरला.

म्हणून नुसत्या क्लोज-अपने डोळ्यात पाणी येत नाही, आधी त्या माणसाला काय दिसतंय ते दाखवावं लागतं आणि मग चेहरा.

नागराज मंजुळेंचा 'फँड्री' (२०१३) आठवा. त्यातल्या जब्या या पोराला त्याला आवडणारी शालू लांबूनच दिसते आणि आपणही तिला त्याच्याच सोबत लांबून बघत राहतो, त्यामुळे शेवटी डुक्कर पकडताना वर्गातली पोरं बघतायत म्हणून तो लपायला लागतो ना, तेव्हा लाज आपल्यालाच वाटते, हा मुलगा कामचुकार आहे असं चुकूनही मनात येत नाही. आणि मग त्याने हसणाऱ्यांवर भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. इतका वेळ त्याच्या बाजूला असलेले आपण एका शॉटमध्ये हसणाऱ्यांच्या जागी जाऊन बसतो! माझ्या मते मराठी सिनेमात कॅमेऱ्याच्या जागेचा याच्याइतका जबरदस्त वापर दुसरा नाही.

हे फक्त थिएटरपुरतं असतं तर ठीक होतं. पण अमेरिकेत ओहायो युनिव्हर्सिटीच्या डॅनियल लॅसिटर यांनी १९८६ पासून पोलिसांसमोरच्या कबुलीजबाबांच्या व्हिडिओंवर बरेच प्रयोग केले. कॅमेरा फक्त संशयितावर असेल तर बघणाऱ्यांना वाटतं की याने आपणहूनच कबूल केलं. तोच जबाब, पण फ्रेममध्ये पोलीसही तेवढाच दिसत असेल, तर संशयितावर दबाव असू शकतो हे लोकांच्या जास्त लक्षात येतं. वाईट भाग असा की अनुभवी जज आणि पोलीस अधिकारीसुद्धा यातून सुटले नाहीत, म्हणजे कामाचा अनुभव इथे कामी येत नाही, कॅमेऱ्याची जागाच बदलावी लागते. न्यूझीलंडच्या पोलिसांनी ते केलंही, तिथे जबाब घेताना दोघंही सारखेच दिसतील असा कॅमेरा लावतात.