सायटिकाची नस सोनोग्राफीत: काय दिसतं, काय निसटतं

सायटिका, म्हणजे कमरेतून नितंबामार्गे पायात उतरणाऱ्या नसेची कळ, बहुतेकदा कमरेच्या मणक्यांमधल्या खालच्या दोन चकत्यांपैकी एखादी सरकल्याने सुरू होते, आणि नेमकी तीच जागा सोनोग्राफीत दिसत नाही. हाडापलीकडे ध्वनिलहरी फारशा पोहोचत नाहीत. मणक्यांच्या पोकळीत दबलेलं नसेचं मूळ पाहायचं तर एमआरआयच हवा. पण नस नितंबात उतरली की गुडघ्यामागपर्यंत ती स्नायूंमधून जाते, तिथे सोनोग्राफीला वाव मिळतो. शिवाय एमआरआयमध्ये निश्चल पडून राहावं लागतं. सोनोग्राफीत पाय हलवत नस सरकताना पाहता येते.

सुरुवात गुडघ्यामागून करावी. रुग्णाला पालथं झोपवून पावलं टेबलाच्या कडेबाहेर सोडायची. १० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा सपाट प्रोब (त्वचेवर टेकवायचं यंत्राचं टोक) गुडघ्यामागच्या घडीवर आडवा धरला की ठोके देणारी रोहिणी सापडते. तिच्याहून त्वचेकडे नीला, आणि नीलेच्याही वर टिबियल नस, म्हणजे सायटिकाच्या नसेच्या दोन शाखांपैकी एक. आडव्या छेदात ती मधाच्या पोळ्यासारखी दिसते: गडद ठिपके म्हणजे तंतूंचे जुडगे, भोवतालची पांढरी जाळी म्हणजे त्यांना बांधणारी ऊती. प्रोब मांडीकडे नेत गेलं की बाहेरच्या बाजूने दुसरी शाखा, पेरोनियल नस, येऊन मिळते, बहुधा घडीच्या ५ ते १० सेंटिमीटर वर. दिसतंय ती नसच ना, अशी शंका आली तर रुग्णाला पाऊल वर-खाली करायला सांगावं. एक नस त्वचेकडे येते तेव्हा दुसरी आत जाते. ही हालचाल एकदा पाहिली की नजर चुकत नाही.

नितंबात काम अवघड होतं. बसताना टेकणारं हाड आणि मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा यांच्या मधोमध, जाड ग्लुटियस स्नायूखाली नस असते. एवढ्या खोलीसाठी २ ते ५ मेगाहर्ट्‌झचा वक्र प्रोब लागतो. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर. म्हणजे १० मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी ०.१५ मिलिमीटर, ३ मेगाहर्ट्‌झला ०.५. तरंगलांबी जास्त तेवढा बारकावा कमी, त्यामुळे जाळी पुसट होऊन नुसता चपटा पांढरा पट्टा उरतो.

चुका होतात त्या हाताच्या. प्रोब थोडा कलला तरी नस गडद दिसते आणि सूज असल्याचा भास होतो. छेद तिरका गेला की नसेचं क्षेत्रफळ फुगतं. जोरात दाबलं की नस चपटी होते. म्हणून एका पायाच्या आकड्यावर जाऊ नये. दोन्ही बाजू, घडीपासून सारख्याच अंतरावर, गुडघा आणि घोटा सारख्याच कोनात ठेवून मोजाव्यात. ताण बदलला की नसेचा कडकपणाही बदलतो, आणि इलॅस्टोग्राफी या सोनोग्राफीच्याच प्रकारात नेमका तोच मोजतात. चकती सरकलेल्या बाजूची नस जास्त कडक असल्याचं काही अभ्यासांत आढळलं आहे. नस कमी सरकते का, यावर मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. त्यामुळे ‘नस अडकली आहे’ असं केवळ सोनोग्राफीवरून ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवताना जरा थांबावं.

खरा उपयोग होतो तो कमरेबाहेरचं कारण शोधताना. पाऊल लुळं पडलंय, एमआरआयमध्ये काही सापडत नाही, अशा वेळी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युला या पोटरीच्या बारीक हाडाच्या मानेपाशी पेरोनियल नस दबलेली असू शकते किंवा तिच्या आत द्रवाची गाठ असू शकते. ती जागा त्वचेच्या अगदी जवळ असल्याने इथलं चित्र स्वच्छ येतं.

फिजिओथेरपीत ‘अल्ट्रासाउंड’ म्हणून देतात तो उपचार वेगळा. १ किंवा ३ मेगाहर्ट्‌झच्या त्या यंत्रात चित्र येतच नाही. चित्र काढणाऱ्या मशीनची भारतात गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली (१९९४) नोंदणी लागते, त्यामुळे ही तपासणी नोंदणीकृत केंद्रातच करावी लागते. लघवीवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होऊ लागली, तर सोनोग्राफीची वेळ घेत बसू नये. थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावं.