गायरान जमिनींचा लढा

गावच्या गुरांच्या चराईसाठी राखून ठेवलेली सरकारी जमीन म्हणजे गायरान. महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाड्यात, भूमिहीन दलित, आदिवासी आणि भटक्या-विमुक्त कुटुंबांनी ही पडीक जमीन वहितीखाली आणली आणि ती नावावर व्हावी म्हणून पिढ्यानपिढ्या लढा दिला.

दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्याला गावातल्या मोठ्यांविरुद्ध तोंड उघडणे परवडत नाही. काम बंद, दळण बंद, किराणा बंद, पाणवठ्याची वाट बंद: असा बहिष्कार पडला की हातावर पोट असलेले घर चार दिवसांत मोडते. मताचा अधिकार 1950 च्या संविधानाने दिला. तो न भिता वापरायला घरात स्वतःच्या रानातली ज्वारी लागते. या लढ्याचे मोल एकरांत मोजता येत नाही, ते त्यामुळेच.

डॉ. आंबेडकरांच्या हयातीतच, 1953 मध्ये, मराठवाड्यात पडीक जमिनींसाठी सत्याग्रह झाला. पुढे दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने 1959 मध्ये आणि 6 डिसेंबर 1964 पासून भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह केले. 1964 च्या सत्याग्रहाने देशभरातले तुरुंग भरले. बाया लेकरांना कडेवर घेऊन अटक करवून घेत होत्या. नंतरच्या काळात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने हा प्रश्न नेटाने लावून धरला.

28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 या काळातली शेतीसाठीची अतिक्रमणे पात्र भूमिहीनांच्या नावे नियमित करण्याची तरतूद केली. मात्र वहिवाटीचा पुरावा कसणाऱ्यानेच आणायचा. अतिक्रमणाबद्दल भरलेल्या दंडाची पावती, तलाठ्याच्या ‘एक-ई’ या अतिक्रमणांच्या नोंदवहीतले नाव, एखादा जुना पंचनामा हेच त्याचे आधार. शिक्षा म्हणून मिळालेली पावती लोकांनी हक्काचा कागद म्हणून ट्रंकेत जपली. नोंदच घेतली गेली नाही, तिथे वीस-वीस वर्षे नांगरलेले रानही कागदावर पडच राहिले.

सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश देताना भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींसाठी अपवादाची वाट ठेवली. तरीही 2022 मध्ये उच्च न्यायालयातील सुनावणीनंतर राज्यभर नोटिसा निघाल्या, आणि गायरानधारकांचे मोर्चे पुन्हा कचेऱ्यांवर धडकले. सातबाऱ्यावर नाव नसल्याने यांतील अनेकांना पीककर्ज मिळत नाही, आणि गारपिटीत पीक गेले तरी भरपाईच्या यादीत नाव लागत नाही.