पिसाचे गुण नेमके कोणाचे?

आपल्या नववीतल्या नातीला ‘पिसा’ परीक्षेत वरचा क्रमांक मिळावा म्हणून शिकवणी कुठे लावावी, असे बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका परिचित आजोबांनी परवा मला विचारले. हा समज दूर व्हायला हवा. ओईसीडी ही प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना ‘पिसा’ चाचणीतून २००० सालापासून पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांचे वाचन, गणित आणि विज्ञान तपासते, ती देशांच्या मोजणीसाठी; शाळा व मुले सोडत काढल्यासारखी निवडली जातात आणि कोणालाही गुणपत्रिका मिळत नाही.

या मोजणीची पद्धत मला विलक्षण सुंदर वाटते. मुलाजवळ दोनच तास असतात आणि प्रश्नपेढी मात्र कित्येक तासांची असते; म्हणून प्रत्येकाला तिचा निराळा भाग मिळतो, पण काही प्रश्न अनेक भागांत सामाईक असतात. डेन्मार्कचे गणिती गेऑर्ग रॅश यांच्या प्रतिमानानुसार मुलाची क्षमता आणि प्रश्नाची काठिण्यपातळी एकाच पट्टीवर मांडता येतात: दोन्ही समान असतील तर उत्तर बरोबर येण्याची संभाव्यता निम्मी, क्षमता वर असेल तर अधिक. सामाईक प्रश्नांच्या आधारे सगळे भाग त्याच पट्टीवर जुळवले जातात.

तरीही मोजक्या उत्तरांवरून एकट्या मुलाची क्षमता धूसरच कळते. प्रत्येकासाठी एकच सरासरी अंदाज घेतला, तर ते अंदाज मध्याकडे ओढले जातात आणि मुलामुलांतील तफावत खऱ्याहून कमी दिसते. म्हणून उत्तरे व पार्श्वभूमी पाहून त्या क्षमतेचे संभाव्यता-वितरण, म्हणजे ती कोणत्या पातळीवर असण्याची किती शक्यता आहे याचे चित्र, काढतात आणि त्यातून यदृच्छेने काही मूल्ये उचलतात, २०१५ पासून दहा. ही मूल्ये त्या मुलाचे गुण नव्हेत. पण सर्वांची एकत्र केली की देशाची सरासरी व तफावत मिळते आणि दहांमधील आपसांतल्या फरकातून मोजमापाच्या अनिश्चिततेचा अंदाजही येतो.

२००९ च्या फेरीला जोडून आपल्याकडे तमिळनाडू व हिमाचल प्रदेश यांची चाचणी झाली, तेव्हा ७४ पैकी ७२ वा आणि ७३ वा हे क्रमांकच गाजले. गणितातील ३५१ आणि ३३८ या गुणांकडे पाहायला हवे होते, कारण ही पट्टी मुळात सरासरी ५०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप) १०० धरून आखलेली आहे. अशा मोजणीपुढे आंतरराष्ट्रीय क्रमांकाची हमी देणाऱ्या जाहिराती आणि बुद्धी वाढवणारे ताईत यांची किंमत सारखीच, म्हणजे शून्य.

बडोद्याच्या वाचकाने मात्र आणखी एक आकडा मागावा. सयाजीरावांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केले आणि १९०६ मध्ये संस्थानभर लागू केले, ते शाळेबाहेरच्या मुलांसाठी. पिसा सातवी किंवा त्यापुढच्या वर्गात शिकणाऱ्यांनाच मोजते. म्हणून पंधरा वर्षांच्या मुलांपैकी किती जण या नमुन्याच्या कक्षेत येतात, हे प्रमाण सरासरीच्या शेजारीच वाचावे लागते.